विशीतच कपाळ वर सरकतंय? नागपुरातल्या मुलांसाठी केसगळतीची नीट माहिती

नागपुरात मुलाचे केस गळायला लागले की घरात पहिला आरोप पाण्यावर होतो. होस्टेलचे बोअरचे पाणी, पुण्याला शिकायला गेला असेल तर पुण्याचे पाणी, मग हेल्मेट, मग जागरण. यातले क्षाराचे पाणी केस रखरखीत करते आणि ते मध्येच तुटतात, हे खरे. पण कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकणे किंवा भोवऱ्याजवळ टाळू दिसू लागणे पाण्याने होत नाही, हेल्मेटनेही होत नाही. तसे असते तर कानावरचे आणि मानेजवळचे केसही गेले असते. त्यांनाही तेच पाणी लागते आणि तेच हेल्मेट घासते.

ते केस टिकतात, कारण त्यांच्या मुळांवर डीएचटी या संप्रेरकाचा परिणाम होत नाही. शरीरातले टेस्टोस्टेरॉन ५-अल्फा रिडक्टेज नावाच्या एन्झाइममुळे डीएचटीत बदलते. आनुवंशिकतेने ज्यांची मुळे त्याला संवेदनशील असतात, त्यांच्या कपाळावरच्या आणि भोवऱ्याच्या केसांचा वाढीचा काळ आखडत जातो. एरवी एक केस २ ते ६ वर्षे वाढतो, मग सुमारे ३ महिने विश्रांती घेऊन गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. डीएचटीच्या माऱ्याखाली प्रत्येक फेरीला नवा केस आधीच्यापेक्षा बारीक, आखूड आणि फिका येतो, आणि शेवटी लव उरते. म्हणून या प्रकारात अनेकांना 'केस खूप गळतात' असे वाटतही नाही. ढिगाने गळण्याआधीच ते बारीक होत असतात. लव झालेल्या मुळाला पुन्हा जाड केस उगवायला लावणे फार अवघड, पण बारीक होऊ लागलेल्या मुळाला थांबवणे शक्य आहे. उपचार लवकर सुरू करण्याचे कारण एवढेच, आणि ते पुरेसे आहे.

'मामाला टक्कल म्हणून भाच्याला' हे अर्धे खरे. पुरुष संप्रेरकाच्या रिसेप्टरचे, म्हणजे ते पकडणाऱ्या भागाचे, जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. पण टकलाशी संबंधित इतर जनुके दोन्हीकडून येतात. वडिलांचे, काकांचे, आजोबांचे डोकेही पाहा आणि त्यांचे केस कोणत्या वयात गेले ते विचारा. डॉक्टर हे विचारणारच.

आता हे नक्की तेच आहे का, हे कसे ओळखायचे?

सतरा ते सत्तावीसच्या दरम्यान बहुतेक मुलांची केसांची रेषा थोडी वर जाते. भुवया उंचावल्यावर कपाळावर जी सगळ्यात वरची आठी पडते, तिच्यापासून बोटभर वर रेषा स्थिरावली असेल, केस तितकेच जाड असतील आणि भोवरा भरलेला असेल, तर ते टक्कल नव्हे, वयात येणे आहे. कानशिलाजवळ इंग्रजी 'एम'सारख्या खाचा पडत असतील आणि त्या खाचांत बारीक लवेसारखे केस दिसत असतील, तर मात्र सुरुवात झाली आहे. डॉक्टर ही पायरी हॅमिल्टन-नॉरवुड मापनावर १ ते ७ अशी मोजतात. हॅमिल्टन यांनी केलेल्या या वर्गीकरणाला नॉरवुड यांनी १९७५ मध्ये सुधारून आजचे रूप दिले. २ किंवा ३ वर उपचार सुरू केला तर हातात बरेच काही राहते, ६ वर फार थोडे.

दुसरी शक्यता तापानंतरच्या गळतीची. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूचा जोर असतो. मोठा ताप, टायफॉइड, शस्त्रक्रिया किंवा जेवण एकदम तोडून केलेले डाएट, यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने येतात. म्हणजे सप्टेंबरात डेंग्यू झाला तर दिवाळीनंतर आंघोळीला बसल्यावर जाळी तुंबते आणि तोवर ताप विसरलेला असतो. ही गळती पूर्ण डोक्यावर सारखी होते, सहा महिन्यांत बहुधा आपोआप थांबते आणि केस परत येतात. दिवसाला ५० ते १०० केस गळणे तर निरोगी डोक्यातही चालतेच. घरच्या घरी एक तपासणी करता येते. एक दिवस केस न धुता ५०-६० केसांची बट मुळाजवळ चिमटीत धरून टोकापर्यंत हलके ओढायची. पाच-सहापेक्षा जास्त केस हातात आले तर गळती सक्रिय आहे. आलेल्या केसाच्या टोकाला पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून आलेला आहे, गाठ नसेल तर तुटलेला आहे.

नाण्याएवढा गुळगुळीत गोल चट्टा म्हणजे चाई. खाज, खपल्या आणि तुटके केस असलेला चट्टा गजकर्णाचा असू शकतो. टाळूवर वेदना, पुरळ, पू किंवा चकचकीत व्रण दिसत असेल तर एक आठवडाही थांबू नका. काही आजारांत मूळच कायमचे नष्ट होते आणि तिथे कुठलेही औषध केस परत आणत नाही. या तिन्ही प्रकारांत मिनॉक्सिडिल हे टकलावरचे औषध आणून लावत बसणे म्हणजे वेळ घालवणे.

जायचे कुणाकडे? त्वचारोगतज्ज्ञाकडे, म्हणजे त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा पदविका (डीडीव्हीएल) असलेल्याकडे. सलूनच्या वरच्या मजल्यावरचे 'हेअर क्लिनिक' किंवा 'ट्रायकॉलॉजिस्ट' एवढीच पाटी पुरेशी नाही. पैशांची अडचण असेल तर मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत, मिहानच्या एम्समध्येही आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, दुपारनंतर ओपीडी आटोपलेली असते. धंतोली-रामदासपेठेत खासगी डॉक्टर भरपूर आहेत. कुठेही गेलात तरी डॉक्टरांनी डर्मोस्कोपने, म्हणजे भिंगाच्या दिव्याने, टाळू पाहायला हवी. कपाळावरचे काही केस जाड आणि शेजारचे बारीक, असा फरक पाचातल्या एका केसाहून जास्त ठिकाणी दिसला तर निदान पक्के होते. टाळू न पाहता नुसते डोक्याकडे बघून पॅकेज सांगणाऱ्याकडून उठून या.

जाताना घरातल्यांची माहिती, गेल्या सहा महिन्यांतले आजार, चालू गोळ्या आणि जिमची पावडर यांची यादी न्या. जिममध्ये कुणी 'कोर्स' म्हणून इंजेक्शन दिले असेल तर लाज न बाळगता सांगा. ते टेस्टोस्टेरॉन किंवा त्याचे भाईबंद असते आणि संवेदनशील मुळांवर फार वेगाने काम करते. रक्ताच्या तपासण्या सगळ्यांना लागत नाहीत. गळती पूर्ण डोक्यावर असेल, वजन उतरले असेल किंवा थकवा असेल तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), व्हिटॅमिन डी आणि बी-१२ पुरेसे. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा. बायोटिनने थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो. पोट सुटलेले असेल तर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलही तपासून घ्या, कारण कमी वयातल्या टकलाशी या गोष्टींचे नाते आढळते.

औषधांकडे येऊ. खात्रीचे पुरावे असलेली मुख्य औषधे दोन आहेत, बाकी बहुतेक जोडीला.

मिनॉक्सिडिल

हे मूळचे रक्तदाबाचे औषध. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले तेव्हा डोक्याला लावण्याचा द्रव तयार झाला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत २ टक्क्यांच्या द्रवाला पुरुषांच्या टकलासाठी मंजुरी मिळाली. आज पुरुषांसाठी ५ टक्के हे प्रमाण ठरलेले आहे. दुकानात १० टक्केही मिळते, पण ते ५ पेक्षा जास्त केस आणते असे दाखवता आलेले नाही, खाज मात्र वाढते.

मात्रा १ मिली सकाळी, १ मिली रात्री. म्हणजे ६० मिलीची बाटली बरोबर ३० दिवस पुरायला हवी. तुमची बाटली दोन महिने पुरत असेल तर तुम्ही अर्धीच मात्रा घेत आहात, आणि फरक पडत नाही याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते. स्प्रेपेक्षा ड्रॉपर चांगला, कारण स्प्रेने निम्मे औषध केसांवर बसते. केसांना लावून काही होत नाही, ते कातडीत जायला हवे. डोके पूर्ण कोरडे हवे. जिथे विरळ आहे तिथे बोटाच्या अंतराने पाच-सहा भांग पाडायचे, प्रत्येक भांगात काही थेंब सोडायचे, बोटाच्या टोकाने हलके पसरवायचे, चोळायचे नाही. मग हात साबणाने धुवायचे. पुढचे चार तास डोके धुवायचे नाही. रात्रीची मात्रा झोपायच्या दोन तास आधी लावा, नाहीतर उशीवरून औषध गालाला लागते आणि गालावर, भुवयांजवळ केस येतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात यात एक अडचण आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, लावले की दहा मिनिटांत घामाने कपाळावर उतरते. कुलरसमोर बसून डोके सुकवा, मग लावा, आणि तासभर तरी दुपट्टा किंवा हेल्मेट चढवू नका. सकाळी कॉलेजला निघायची घाई असेल तर लवकर उठून लावा. ते जमतच नसेल तर रात्रीची एक वेळ तरी न चुकवता लावा. दोन वेळच्या हट्टापायी आठवडाभर काहीच न लावण्यापेक्षा ते बरे. बाटलीत अल्कोहोल असते, त्यामुळे ती गाडीच्या डिक्कीत ठेवू नका आणि देवघरातल्या दिव्याजवळ लावू नका. घरात मांजर असेल तर फार जपा. मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी आहे, डोके चाटल्यानेही जीव जाऊ शकतो. तान्हे बाळ डोक्याला तोंड लावणार नाही हेही बघा.

सहाव्या आठवड्याच्या सुमारास केस आधीपेक्षा जास्त गळतात. विश्रांतीत असलेले केस बाहेर ढकलून मुळे नव्या फेरीत जात असतात. बहुतेक मुले नेमकी इथेच औषध सोडतात आणि 'मिनॉक्सिडिलने माझे केस घालवले' असे मित्रांना सांगतात. ही गळती काही आठवड्यांत ओसरते. खरा निकाल चार ते सहा महिन्यांनी दिसू लागतो आणि वर्षाने ठरवता येतो. तोवर आरशावर भरवसा ठेवू नका, फोटो काढा. दर तीन महिन्यांनी, त्याच खोलीत, त्याच उजेडात, कोरड्या केसांचे चार फोटो: समोरून, दोन्ही कानशिलांचे आणि वरून भोवऱ्याचा. ओले केस आणि वरून पडणारा ट्यूबलाइटचा प्रकाश कुणालाही टकला दाखवतो.

सोडले तर? तीन-चार महिन्यांत औषधाने टिकवलेले केस जातात आणि औषध न घेता जिथे असता तिथे पोहोचता. हे सुरू करण्याआधी माहीत हवे. खाज आणि लालसरपणा बहुधा द्रवातल्या प्रोपिलिन ग्लायकॉलमुळे होतो. अशांनी डॉक्टरांना विचारून फोम घ्यावा. छातीत धडधड, पायावर सूज किंवा चक्कर आली तर बंद करून डॉक्टरांना दाखवा. हल्ली त्वचारोगतज्ज्ञ मिनॉक्सिडिलची कमी ताकदीची गोळीही देतात, पण ती रक्तदाब आणि हृदय पाहूनच. मित्राच्या पाकिटातून घ्यायची ती वस्तू नव्हे.

फिनास्टेराइड

मिनॉक्सिडिल मुळाला खत घालते असे मानले तर फिनास्टेराइड डीएचटीचा नळ आवळते. रोज १ मिलिग्रॅमची एक गोळी रक्तातले डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी कमी करते. अमेरिकेत १९९७ मध्ये तिला टकलासाठी परवानगी मिळाली. भोवऱ्यावर परिणाम चांगला, कपाळाच्या कोपऱ्यांवर कमी. जेवणाआधी की नंतर, याने फरक पडत नाही. सहा महिने ते वर्षभर घेतल्याशिवाय निकाल मागू नका. जेनेरिक गोळी स्वस्त असते, नावाजलेल्या कंपनीचाच हट्ट नको.

ही गोळी चिठ्ठीशिवाय घेऊ नका, आणि चिठ्ठी देताना डॉक्टरांनी दुष्परिणाम समजावून सांगितले नसतील तर स्वतः विचारा. मूळ चाचण्यांत पहिल्या वर्षात कामेच्छा किंवा ताठरतेच्या तक्रारी गोळी घेणाऱ्यांत ३.८ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्के होत्या. म्हणजे बहुसंख्य पुरुषांना त्रास होत नाही, पण काहींना होतो. गोळी थांबवल्यावर तो बहुतेकांत जातो. काहींनी तो बराच काळ राहिल्याचे नोंदवले आहे आणि ती तक्रार झटकून टाकण्यासारखी नाही. युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. नैराश्याचा आधीचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. सुरू केल्यावर मन उदास राहू लागले तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी फोन करा.

आणखी काही गोष्टी दुकानात कुणी सांगत नाही. १८ वर्षांखालच्यांसाठी ही गोळी नाही. घरात गरोदर बायको किंवा वहिनी असेल तर फुटलेली किंवा चुरा झालेली गोळी तिने हाताळू नये, पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या घडणीवर परिणाम होऊ शकतो. लग्न झाले असेल आणि मूल हवे असेल तर बोलून घ्या, काही पुरुषांत शुक्रजंतूंची संख्या कमी होते. रक्तदान करायचे असेल तर शेवटच्या गोळीनंतर महिनाभर थांबा आणि रक्तपेढीत तसे सांगा. प्रोस्टेटची पीएसए तपासणी करायची वेळ आली तर गोळी चालू असल्याचे सांगा, कारण आकडा साधारण निम्मा येतो. मिनॉक्सिडिलच्या बाटलीवरचे बारीक अक्षरही वाचा. काही बाटल्यांत फिनास्टेराइड मिसळलेले असते आणि नुसते मिनॉक्सिडिल मागणाऱ्याच्या हातात ती पडते.

ड्युटास्टेराइड याच जातीचे, जास्त ताकदीचे. शरीरातून जायला महिने लागतात, म्हणून त्रास झाला तर तोही लवकर उतरत नाही. विशीतल्या मुलाची सुरुवात त्याने होऊ नये.

जोडीच्या उपचारांत कोंडा असेल तर २ टक्के किटोकोनॅझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस करून तीन ते पाच मिनिटे ठेवून धुवायचा. सुयांच्या रोलरबद्दल मुंबईच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये १०० पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मिनॉक्सिडिलच्या जोडीने आठवड्यातून एकदा १.५ मिमीचा रोलर वापरलेल्यांत १२ आठवड्यांत नुसत्या मिनॉक्सिडिलपेक्षा जास्त केस आले. घरी करताना बिघडते ते इथे: रोलर निर्जंतुक नसतो, दोन भाऊ एकच वापरतात, आणि टोचल्याबरोबर मिनॉक्सिडिल लावतात. टोचल्यानंतर २४ तास औषध लावायचे नाही. पीआरपीत तुमचेच रक्त काढून, यंत्रात फिरवून, प्लेटलेटचा भाग टाळूत टोचतात, महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा. काहींना फायदा होतो, पण प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी असल्याने खात्री देता येत नाही. औषधांऐवजी पीआरपी घेऊ नका.

तेलाबद्दल आईशी भांडू नका. माका, जास्वंद, खोबरेल लावल्याने केस मऊ राहतात, तुटणे कमी होते, आणि तेवढ्यासाठी ते चांगलेच आहे. डीएचटी त्याने थांबत नाही. तेल लावायचेच तर सुट्टीच्या दिवशी सकाळी लावून धुवून टाका, डोके सुकल्यावर रात्री मिनॉक्सिडिल. कांद्याचा रस आणि लिंबू मात्र टाळूवर घासू नका, कातडी भाजते. ज्या बाटलीवर घटक आणि परवाना क्रमांक छापलेला नाही ती डोक्याला लावूच नका. ऑनलाइन 'किट' मागवण्याआधी त्यातले एकेक घटक सुटे केमिस्टकडे विचारा. बहुतेकांत मिनॉक्सिडिल, बायोटिन आणि शाम्पूच असतो. यांत टकलावर काम करणारे एकटे मिनॉक्सिडिल. बायोटिनची कमतरता नसेल तर त्याने टक्कल थांबत नाही.

प्रत्यारोपण: बावीस वर्षांच्या मुलाने घाई करू नये

स्थळ बघायला जायच्या आधी 'एका दिवसात केस' करून टाकू, असे घरातलेही म्हणतात. प्रत्यारोपणात नवे केस तयार होत नाहीत. डोक्यामागचे, डीएचटीला न जुमानणारे केस मुळासकट काढून पुढे लावतात. मागचा साठा मर्यादित असतो, अनेकांचा आयुष्यभरात पाच-सहा हजार ग्राफ्टच्या, म्हणजे मुळासकट काढलेल्या केसांच्या पुंजक्यांच्या, आसपास. बाविसाव्या वर्षी तीन हजार ग्राफ्ट वापरून शाळेतल्या मुलासारखी खाली आणलेली रेषा काढली, आणि तिशीत तिच्यामागचे स्वतःचे केस गेले, तर पुढे एक पट्टी आणि मागे मोकळे रान असे डोके होते. तेव्हा साठाही संपलेला असतो. म्हणून निदान वर्षभर औषधांनी गळती स्थिर झाल्याशिवाय, आणि शक्यतो पंचविशी उलटल्याशिवाय, जो शस्त्रक्रियेला लगेच हो म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. नंतरही औषधे चालूच ठेवावी लागतात, कारण आधीचे केस जातच राहतात.

करायचेच ठरले तर विचारा: ग्राफ्ट कोण काढणार, छेद कोण देणार, डॉक्टर पूर्ण वेळ खोलीत असणार का, भूल कोण देणार, ऑक्सिजन आणि आपत्कालीन औषधे कुठे आहेत? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सूचना काढून हे काम शस्त्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचे आहे, असे स्पष्ट केले आहे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत तपासा. 'अमर्याद ग्राफ्ट' अशी जाहिरात पाहिली की दूर राहा. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पहिले दहा-बारा दिवस हेल्मेट घालता येत नाही, म्हणजे दुचाकी बंद, आणि महिनाभर ऊन व घाम टाळायचा असतो. लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळतात, मुळे आत असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उगवू लागतात आणि पूर्ण चित्र वर्षाने दिसते. लग्नाची तारीख ठरवताना हे बारा महिने धरा.

काहीच न करणे हाही पूर्ण मान्य पर्याय आहे. या टकलाने शरीराला इजा होत नाही, आणि पन्नाशीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांना ते कमी-जास्त येतेच. विरळ केस लांब वाढवून आडवे ओढण्यापेक्षा सलूनमध्ये मशीनने एक नंबर मारून घ्या, टाळू आणि केस यांतला फरक एकदम कमी दिसतो. हेअर पॅच लावणार असाल तर मेमध्ये त्याखाली घाम साचून पुरळ येते, म्हणून तो ठरलेल्या दिवशी काढून टाळू धुवायलाच हवी. आणि डोके उघडे ठेवणार असाल तर एसपीएफ ३० किंवा जास्तीचे सनस्क्रीन कपाळापासून भोवऱ्यापर्यंत लावा, दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा, आणि दुपारी बारा ते चार टोपी किंवा दुपट्ट्याशिवाय बाहेर पडू नका.